ती शिंपी : मोत्यांवरच्या एका पुस्तकाची प्रस्तावना

आमच्या वडगाव मावळच्या घरात दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला एक शिंपी होती. तळहाताहून थोडी लहान, बाहेरून पावसाळ्यातल्या कातळासारखी काळपट, आतून मात्र बोट घसरावं इतकी गुळगुळीत. आजीने ती लग्न होऊन आल्या वर्षी इंद्रायणीच्या काठावरून उचलून आणली होती आणि वापरून वापरून तिची एक कड झिजून सरळ झाली होती. कैरीच्या दिवसांत फडताळातून आणखी एक निघायची. तिची पाठ दगडावर घासून भोक पाडलेलं असे आणि त्या भोकाच्या धारेने कैरीचं साल सरसर निघे. खरवडीच्या शिंपीला आतल्या बाजूने, बिजागरीपासून दोन बोटांवर, मोहरीएवढा एक उंचवटा होता. आजी त्याला फोड म्हणायची. "शिंपी चांगली आहे गं, पण फोड आलीय तिला." शिंपी धुताना तिचा अंगठा सवयीने त्या फोडीवरून फिरायचा.

ती फोड म्हणजे कवचाला चिकटून राहिलेला मोती होता, हे मला कळायला तीस वर्षं लागली.

मोत्यांवर पुस्तक लिहिते आहे असं सांगितलं की इकडे लोक आधी हसतात. समुद्र घाटाखाली, मोती समुद्रात, आणि ही बाई बसलीय मावळात. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानाशेजारी 'खरे मोती' म्हणून ज्या माळा टांगलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याचशा काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या असतात. त्यामुळे मावळ आणि मोती यांचा संबंध तेवढाच, असं कुणाला वाटलं तर त्याचा दोष नाही. पण मोत्याला समुद्रच लागतो असं नाही. त्याला शिंपी लागते, आणि शिंपी आमच्या नदीत आहे. पुस्तक त्या शिंपीच्या बाजूने लिहिलं आहे, हे आधीच सांगून टाकते.

मराठीने मोत्याला जेवढं वापरलं तेवढं दुसऱ्या कुठल्या रत्नाला वापरलं नसेल. अक्षर मोत्यासारखं, दात मोत्यासारखे, लाडू मोतीचुराचे, डोळ्यांत मोतीबिंदू, दारात मोती नावाचा कुत्रा, दिवाळीला मोती साबण. ऐपतीबाहेरचं काही अंगावर घेतलं की नाकापेक्षा मोती जड. पानिपताची बातमी पुण्याकडे आली ती सुद्धा सराफी भाषेत, दोन मोती गेले अशी. ऐकणाऱ्याला विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे वेगळं सांगावं लागलं नाही. हिरा आपल्याकडे राजवाड्यात राहिला. मोती नथीत, कुड्यांत, तन्मणीत, चिंचपेटीत आणि पुरुषांच्या भिकबाळीत बसून घरोघर गेला. हल्ली ढोलपथकातली मुलं भिकबाळी घालतात तिच्यातला मोती कुठून आला असं मी दोघातिघांना विचारलं. "तुळशीबागेतून," असं उत्तर मिळालं.

मोती होतो कसा, याची आपल्याकडची जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. स्वाती नक्षत्रात पावसाचा थेंब उघड्या शिंपीत पडतो आणि त्याचा मोती होतो. भर्तृहरीच्या नीतिशतकात हाच थेंब तापल्या लोखंडावर नाहीसा होतो, कमळाच्या पानावर मोत्यासारखा दिसतो आणि शिंपीत गेला की मोतीच होतो. तिकडे रोमचा प्लिनी पावसाऐवजी दव सांगतो, बाकी गोष्ट तीच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्याची उगमस्थानं आठ दिली आहेत आणि त्यांत शिंपी आणि शंखाबरोबर हत्ती, साप, रानडुक्कर, ढग आणि बांबूही आहेत. पण कोणत्या प्रदेशाचा मोती कसा दिसतो हे तो बारकाईने सांगतो, आणि तिथे सिंहलद्वीप, ताम्रपर्णी, पारशव ही नावं बरोबर येतात. त्यामुळे त्याला हसून सोडून देता येत नाही.

सूर्य स्वातीत येतो तो ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात. पडतील स्वाती तर पिकतील मोती, ही म्हण ज्वारीच्या मुलखातली. तिकडे तेव्हा रब्बीचं पीक जमिनीत असतं आणि एक पाऊस मिळाला तर कणसं भरतात. आमच्या मावळात तेव्हा भात कापणीला आलेलं असतं. वडगावच्याच संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी भात पिकून खाली वाकलेला असतो, कापलेल्या पेंढ्या खाचरात पसरलेल्या असतात, आणि त्यावर स्वातीचा पाऊस आला तर दाणा काळा पडतो. माझे एक चुलते ही म्हण ऐकली की चिडायचे. "ज्यानं केली त्यानं भात लावला नव्हता."

हल्ली थेंबाची जागा वाळूच्या कणाने घेतली आहे. शिंपीत वाळूचा कण शिरतो, तिला टोचतो, ती त्यावर थर चढवते, असं शाळेच्या पुस्तकापासून दागिन्यांच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण हीसुद्धा थेंबाचीच गोष्ट आहे, फक्त ओल्याच्या जागी कोरडं. शिंपी वाळूत आणि चिखलातच राहते. दिवसभर पाणी आत ओढते, त्यातलं खाणं गाळून घेते, नको ते बाहेर टाकते. वाळू बाहेर ढकलणं हे तिचं रोजचं काम. प्रत्येक कणाचा मोती झाला असता तर आजीला खरवडीसाठी रिकामी शिंपी मिळाली नसती.

खरं घडतं ते असं. शिंपीच्या मऊ अंगाभोवती एक पातळ पडदा असतो. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला प्रावार म्हणतात. मी त्याला अंगरखा म्हणते. कवच बनवणाऱ्या पेशी या अंगरख्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. पाण्यातला चुना घेऊन त्या कवचाच्या आतून थरावर थर देत राहतात. कधी एखादा परजीवी किडा अंगरखा पोखरतो, कधी खेकडा नाहीतर मासा चावा घेतो, आणि त्या जखमेत यांतल्या काही पेशी आपली जागा सोडून आत, मांसात ढकलल्या जातात. त्या तिथे मरत नाहीत. वाढतात, एकमेकींना धरून बंद पिशवी करतात आणि आपल्याला येतं तेवढं एकच काम पुढे चालू ठेवतात. बाहेर असत्या तर कवच केलं असतं. आत पिशवीत आहेत, म्हणून गोळा होतो. पिशवी मांसात मोकळी राहिली तर सुटा मोती मिळतो. कवचाला लागून राहिली तर मोती कवचात रुततो आणि आजीला फोड दिसते.

म्हणजे मोती व्हायला बाहेरून काही यावंच लागतं असं नाही. आपलीच त्वचा जागा चुकून आत जावी लागते. कण असला काय, नसला काय. पेशी आत गेल्या नाहीत तर मोती नाही. पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीवर उभी आहेत, कारण माणसाने मोती 'पिकवायला' घेतला तो हेच ओळखून. मराठीत तो शिंपी म्हणजे कपडे शिवणारा आणि ती शिंपी म्हणजे ही. फाटलं की आपल्याच कापडाचं ठिगळ आतून लावायचं, हा दोघांचाही धंदा.

त्या थरांची चमक मात्र समजून घेण्यासारखी आहे. एकेक थर अरॅगोनाइट नावाच्या चुन्याच्या चपट्या स्फटिकांचा, साधारण अर्धा मायक्रॉन जाड. मिलिमीटरभर जाडीत असे दोनेक हजार थर बसतात. मधे सांधायला प्रथिनांचा पातळ लेप असतो. प्रकाशाच्या लहरीची लांबी आणि या थरांची जाडी जवळपास सारखी, म्हणून वेगवेगळ्या थरांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि पांढऱ्यात गुलाबी, हिरवी झाक दिसते. आजीची शिंपी खिडकीत तिरपी धरली की तीच झाक तिच्यात जांभळट दिसायची. आणि हा चुना येतो कुठून? कुरवंड्याच्या डोंगरावर पाऊस कोसळतो, सह्याद्रीचा काळा कातळ कणाकणाने विरघळतो आणि त्यातलं कॅल्शियम इंद्रायणीच्या पाण्यात उतरतं. माणिक-हिऱ्यासाठी जमिनीचं पोट खणावं लागतं. इथे कातळच पाण्यात उतरून शिंपीपर्यंत जातो.

ज्या शिंपीच्या कवचाला आतून अशी चमक नाही तिच्या मोत्यालाही ती नसते. कॅरिबियन समुद्रातल्या मोठ्या शंखाचा गुलाबी मोती चिनीमातीसारखा दिसतो, तरी त्याला किंमत भारी. कालव खाताना दाताखाली येणारा खडा हाही मोतीच, पण त्याला सराफ विचारत नाही. आयुर्वेदाच्या मुक्तापिष्टीसाठी खडबडीत, बारीक, दागिन्यात न चालणारे मोती लागतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांत चपटी, पारदर्शक अशी एक शिंपी मिळते, गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी तिची कवचं बसवलेली असतात. तिच्यातले मोहरीएवढे मोती या औषधाच्या कामी येत.

आपल्या आज्या-पणज्यांच्या नथीतला मोती 'बसरा' म्हणवला जातो. तो बसऱ्याला होत नसे. बहरीन, कुवेत, कतारच्या उथळ समुद्रात पाणबुडे नाकाला चिमटा लावून तळाशी जात आणि शिंपल्या वर आणत. बसरा हे बाजाराचं गाव, म्हणून त्याचं नाव चिकटलं. आखातातला माल पुढे मुंबईला येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला मोत्याची जगातली मोठी पेठ मुंबई होती. अरब व्यापारी हंगाम संपला की इथे येत. इथेच मोती चाळले जात, विंधले जात आणि पॅरिसला जात. भाव वजनाच्या वर्गाने वाढे: एक रतीच्या मोत्याची किंमत एक धरली तर चार रतीच्या मोत्याची सोळा. या हिशेबाला मुंबईच्या बाजारात 'चव' म्हणत. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली वर आली, आणि त्यानंतर पुण्याच्या सराफाला मुंबईचा मोती एका दिवसाच्या अंतरावर आला.

त्या मोत्यांतला सगळ्यात थोर साठा ज्यांच्याकडे जमला, त्यांची गोष्ट मावळातूनच सुरू होते. तळेगावचे खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये शाहू महाराजांचे सेनापती झाले. त्यांच्या हाताखाली खेड तालुक्यातल्या दावडीचे दमाजी गायकवाड लढले आणि १७२० च्या बाळापूरच्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल त्यांना समशेरबहाद्दर हा किताब मिळाला. गुजरातेत दाभाड्यांचं काम गायकवाड पाहू लागले. १७३१ मध्ये डभईला बाजीरावांशी झालेल्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, त्यांच्या आई उमाबाईंनी पुढे दौलत सांभाळायची शिकस्त केली, पण गुजरात शेवटी गायकवाडांकडे राहिला. तळेगावात आज दाभाड्यांच्या खुणा तळ्याकाठी, बनेश्वरापाशी पाहायला मिळतात. बडोद्याचं वैभव पाहायला मात्र आता दोह्याला जावं लागतं.

कारण असं की बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करवला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर पंधरा लाखांच्या आसपास बसरा मोती, मधे हिरे, माणकं, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी तो करवला, असं सांगतात. खंडेराव १८७० मध्ये वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर तो युरोपात गेला, आणि २००९ मध्ये दोह्यात लिलावाला येऊन सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या समुद्रातून हे मोती मुंबईला आले त्याच समुद्राच्या काठी ते परत गेले, एवढाच काय तो फरक की आता पाणबुडे उरले नाहीत. बडोद्याच्या सात पदरी कंठ्यातल्या ६८ मोत्यांचा दोन पदरी हार त्याच्या दोन वर्षं आधी न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. मोती गेले याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण तळेगावच्या शाळेत दाभाड्यांचा धडा शिकवताना ही शेवटची मजल कुणी सांगत नाही, याचं वाटतं.

पाणबुडे संपले ते जपानमुळे. कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये कवचाला चिकटलेले अर्धगोल मोती मुद्दाम वाढवण्यात यश आलं. म्हणजे आजीची फोड त्यांनी ठरवून आणली. गोल मोत्याची युक्ती पुढच्या वीसेक वर्षांत मिसे आणि निशिकावा यांच्या नावावर जमा झाली. एका शिंपीच्या अंगरख्याचा चिमुकला तुकडा कापायचा, एका गोल मण्याबरोबर दुसऱ्या शिंपीच्या पोटात ठेवायचा आणि वाट पाहायची. तुकड्याची पिशवी होते, पिशवी मण्यावर थर चढवते. तो मणी कशाचा, तर पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या जाड शिंपल्यांचा. तुम्ही ज्याला जपानी समुद्राचा मोती म्हणून पैसे मोजता, त्याचं बहुतेक वजन नदीतल्या शिंपीचं असतं. वर समुद्राचा थर बहुधा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. ऑस्ट्रेलियाकडचे मोठे पांढरे-सोनेरी मोती आणि ताहितीचे काळे-हिरवट मोती याच रीतीने होतात, पण त्यांची शिंपी मोठी आणि थर जाड. चीनमध्ये गोड्या पाण्यात बहुतेक वेळा मणी घालतच नाहीत, नुसता अंगरख्याचा तुकडा. त्यामुळे तिथला स्वस्त मोती सालीपासून गाभ्यापर्यंत मोतीच असतो. किमतीचा आणि खरेपणाचा संबंध लावू पाहणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

खरा, कल्चर्ड आणि खोटा यांतला फरक घरच्या घरी कळतो का? दातावर हलकेच घासला की मोती, मग तो समुद्रातला असो की शेतातला, खरबरीत लागतो, काच सटकते. एवढं कुणालाही जमतं. पण नैसर्गिक की पिकवलेला, हे दात सांगू शकत नाही. तळेगावच्या एका सराफाकडे मी आजीची नथ पुन्हा ओवायला दिली, तेव्हा त्यांनी जुनी तार काढली आणि एकेक मोती भिंगाखाली धरून त्याच्या भोकात पाहिलं. मणी घातलेला असता तर भोकाच्या कडेला साल आणि गाभा यांच्यामधली बारीक रेघ दिसली असती. सहा मोत्यांत नाही दिसली. सातव्यात दिसली. कधीतरी एक हरवला असणार आणि कुणीतरी गुपचूप बदलून घेतला असणार. "आजींना माहीत असेल," सराफ म्हणाले. आजी तेव्हा नव्हती. पक्का निकाल क्ष-किरणांनीच लागतो. त्यात नैसर्गिक मोत्याची कांद्यासारखी वलयं आत टोकापर्यंत दिसतात.

भारतात समुद्रातला मोती पहिल्यांदा पिकवला तो १९७३ मध्ये तुतिकोरीनला, डॉ. के. अलगरस्वामी यांनी. गोड्या पाण्याचं काम १९८७ मध्ये भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय मत्स्यपालन संस्थेत सुरू झालं, आणि तिथे वापरलेली मुख्य शिंपी, लॅमेलिडेन्स, आमच्या इंद्रायणी-पवनेतल्या शिंपीच्याच कुळातली. आठ सेंटीमीटरच्या वरच्या शिंपल्या घ्यायच्या, दोन-तीन दिवस दाटीत ठेवून त्यांचे स्नायू सैल करायचे, कवच बोटभरही नाही, सेंटीमीटरभर उघडायचं आणि मणी किंवा साचा आत सरकवायचा. दहा दिवस औषधाच्या पाण्यात, मग जाळीच्या पिशवीत दोन-दोन करून तळ्यात मीटरभर खोल टांगायच्या आणि वर्ष-दीड वर्ष थांबायचं. साचा गणपतीचा असेल तर चमकता गणपती निघतो. हे चीनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी बुद्धाच्या मूर्तीने करून झालेलं आहे.

ही शेती खरी आहे आणि अवघडही. मधल्या काळात कितीतरी शिंपल्या मरतात, जगलेल्यांतले सगळे मोती गोल निघत नाहीत. 'शिंपल्या आम्ही देतो, मोती आम्हीच घेतो, वर्षात पैसे दुप्पट' असा फोन मलाही आला होता. मी त्यांना एकच विचारलं, तुमच्या शिंपल्या कुठल्या नदीतून आणता? फोन ठेवला गेला. पुस्तकात या विषयावरचं प्रकरण लांबलं आहे ते मुद्दाम.

कारण शिंपल्या येतात नदीतूनच, आणि नदीत त्या आपोआप होत नाहीत. मादी शिंपी आपल्या कल्ल्यांत पिल्लं वाढवते, पण पाण्यात सोडलेलं पिल्लू एकटं जगत नाही. त्याला काही आठवडे एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून राहावं लागतं. मग ते गळून तळाच्या वाळूत पडतं आणि शिंपी म्हणून आयुष्य सुरू होतं. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. लोणावळ्यात वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास चालली आहे, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या कामाने ते केंद्र नावाजलं. शिंपीसाठी असं केंद्र कुणी काढलेलं नाही. तिच्याकडून दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून घेणारी नदी खाली आळंदीला फेसाने पांढरी झालेली आपण बातम्यांत पाहतो.

मुखपृष्ठासाठी मला जिवंत शिंपीचा फोटो हवा होता. मे महिन्यात दोन रविवार मी नदीने फिरले. खाली, वस्ती दाट होते तिथे, रिकामी कवचं भरपूर, बिजागरी अजून न तुटलेली. वर, कामशेतच्याही वर, एका डोहाच्या कडेला पाणी घोट्याएवढं होतं आणि तळाच्या गाळात एक वाकडीतिकडी रेघ उमटली होती, बोटाने ओढावी तशी, हातभर लांब. रेघेच्या टोकाला दोन काळ्या कडा किंचित उघड्या दिसत होत्या. मी वाकले, माझी सावली पाण्यावर पडली, आणि कडा मिटल्या. मग अर्धा तास थांबूनही त्या उघडल्या नाहीत. मुखपृष्ठावर आहे ती फक्त ती रेघ.